युरोपच्या शेतात परदेशी हात: हंगाम सहा महिन्यांचा, कर्ज किती वर्षांचं?

गेल्या काही वर्षांत मोबाइलवर एक नव्या प्रकारची जाहिरात फिरू लागली आहे. युरोपात फळं तोडायचं काम आहे, शिक्षणाची अट नाही, भाषा येत नसली तरी चालेल, राहण्याची सोय मालक करेल, महिन्याला दीड-दोन लाख सुटतील. खाली एक नंबर आणि 'जागा मर्यादित' अशी सूचना. आखाताचा रस्ता आपल्या घरांना नवा नाही. रत्नागिरी-रायगडच्या कितीतरी गावांत एक पिढी तिकडे राबून निवृत्त झाली आणि दुसरी तिथेच आहे. युरोपातल्या शेतांचा रस्ता मात्र नवा आहे. त्याचे नियम वेगळे आहेत आणि धोकेही वेगळे आहेत.

अशी जाहिरात दिसली की दोन टोकाच्या प्रतिक्रिया येतात. एक, 'सगळी फसवणूक आहे.' दुसरी, 'अमक्याचा मुलगा गेला, त्याचं घर उभं राहिलं.' आमच्या मते दोन्ही अर्धवट आहेत. युरोपातल्या शेतांना परदेशी मजूर खरोखर लागतात. सरकारं त्यासाठी अधिकृत व्हिसा देतात, लाखो माणसं दरवर्षी जातात आणि बरेच जण पैसे घेऊन परततातही. पण याच रस्त्यावर कर्जात बुडालेले, कंत्राटाविना अडकलेले आणि जीव गमावलेले मजूरही आहेत. कोण तरतो आणि कोण बुडतो, हे नशिबापेक्षा योजना कशी आखली आहे यावर जास्त ठरतं. ते समजून घेण्यासाठी आम्ही इथे काही देशांची उदाहरणं मांडतो आहोत.

हात कमी का पडले?

स्ट्रॉबेरी, रास्पबेरी, शतावरी, टोमॅटो ही पिकं यंत्राने काढणं कठीण. फळ नाजूक, पिकण्याची वेळ एकाच शेतात वेगवेगळी. महाबळेश्वर-पाचगणीचा शेतकरीही हे सांगेल की स्ट्रॉबेरी आज तोडली नाही तर उद्या ती विकण्याजोगी राहत नाही. त्यामुळे चार-सहा महिने प्रचंड मनुष्यबळ लागतं आणि हंगाम संपला की त्यातलं बरंचसं नकोसं होतं.

तिथल्या स्थानिक माणसाला हे काम परवडत नाही. वर्षाचं घरभाडं, मुलांची शाळा आणि गाडीचा हप्ता सहा महिन्यांच्या वाकून करायच्या मजुरीवर चालत नाही. २०२० मध्ये कोरोनामुळे सीमा बंद झाल्या तेव्हा ब्रिटनने आपल्याच नागरिकांना शेतात यायचं आवाहन करणारी मोठी मोहीम चालवली. तिचा फारसा उपयोग झाला नाही. दुसरीकडे फळांचा भाव ठरवतात मोठी सुपरमार्केटं. ती शेतकऱ्याला दर वाढवून देत नाहीत आणि शेतकरी तो ताण मजुरीवर ढकलतो. म्हणजे ग्राहकाला स्वस्त फळ हवं, दुकानाला नफा हवा, शेतकऱ्याला पीक वाचवायचं आहे. उरतो तो मजूर, ज्याला या साखळीत बोलायची सोय सगळ्यांत कमी.

मग मजूर आणायचा तो असा की जो काम असेपर्यंत राहील आणि काम संपताच परत जाईल. हंगामी परदेशी मजुरीच्या बहुतेक योजना या एका अपेक्षेभोवती बांधलेल्या आहेत.

स्पेन: मुलं घरी ठेवून या

याचं सर्वांत स्पष्ट उदाहरण स्पेनच्या दक्षिणेकडच्या वेल्वा प्रांतात सापडतं. स्पेनमधली बहुतांश स्ट्रॉबेरी या एका प्रांतात पिकते आणि तिथून युरोपभर जाते. आधी इथे पोलंड आणि रोमानियाच्या बायका कामाला यायच्या. हे देश युरोपीय संघात सामील झाले, त्यांच्या नागरिकांना कुठेही काम करायची मोकळीक मिळाली आणि त्या शेतातून बाहेर पडल्या. मग बागायतदारांनी आणि सरकारने समुद्रापलीकडच्या मोरोक्कोकडे नजर वळवली. मजुराला तिच्या देशातूनच करार करून आणायचं आणि हंगाम संपला की परत पाठवायचं, अशी ही पद्धत.

निवड कोणाची होते हे पाहण्यासारखं आहे. ग्रामीण भागातल्या, साधारण २५ ते ४५ वयाच्या, विवाहित, विधवा किंवा घटस्फोटित आणि मुख्य म्हणजे लहान मुलं असलेल्या स्त्रिया. मुलं सोबत आणायची नाहीत. गावात आजी-मावशीकडे ठेवायची. यामागचा विचार उघड आहे: आई मुलांसाठी परत जाईलच. म्हणजे परतण्याची हमी म्हणून तारण काय, तर तिची स्वतःची लेकरं. कागदावर याला व्यवस्थापन म्हणतात. आपल्याकडे एखाद्या मुकादमाने अशी अट घातली असती तर आपण तिला काय म्हटलं असतं, याचा वाचकांनी विचार करावा.

या बायका मुस्लिम आहेत, शेतमजूर घरांतल्या आहेत, अनेकींना स्पॅनिश येत नाही, काहींना लिहिता-वाचताही येत नाही. गेली काही वर्षं रमजान नेमका स्ट्रॉबेरीच्या हंगामात येतो आहे. रोजा ठेवून प्लास्टिकच्या तापलेल्या बोगद्यात दिवसभर वाकून फळं तोडायची, बरोबर राहणाऱ्या बायकांसोबत इफ्तार करायचा आणि मुलांचा आवाज फोनवर ऐकायचा, असं त्यांचं वेळापत्रक असतं.

२०१८ मध्ये अशा काही बायकांनी धाडस करून पोलिसांत तक्रार दिली. ठरलेली मजुरी मिळाली नाही, राहण्याची व्यवस्था वाईट होती आणि लैंगिक छळ झाला, असे त्यांचे आरोप होते. इथे व्हिसाची मुदत हे मालकाचं सर्वांत मोठं हत्यार ठरतं. न्यायालयाचं काम वर्षानुवर्षं चालतं, व्हिसा काही महिन्यांचा. तक्रारदाराने परत जायचं तर खटला सुटतो. थांबायचं तर मुलं तिकडे, नवरा तिकडे आणि गावात बोभाटा. तक्रार करणाऱ्यांपैकी काहींना नवऱ्याने सोडल्याच्या बातम्या पुढे आल्या. ज्या परत गेल्या आणि गप्प राहिल्या त्यांची मोजदाद कुठेच नाही.

२०२० च्या सुरुवातीला संयुक्त राष्ट्रांचे दारिद्र्यविषयक विशेष प्रतिवेदक फिलिप ऑल्स्टन यांनी वेल्वातल्या स्थलांतरित मजुरांच्या झोपड्या पाहिल्या आणि तिथल्या स्थितीवर अतिशय कडक शब्दांत टीका केली. त्याच वर्षी कोरोनामुळे मोरोक्कोने सीमा बंद केली. तोपर्यंत पोहोचलेल्या सुमारे सात हजार बायका हंगाम संपल्यावरही वेल्वात अडकून पडल्या. काम नाही, मजुरी नाही, घरी जायला वाट नाही. जुलैमध्ये जहाजांची सोय झाली तेव्हा त्या परतल्या.

बदल झाला नाही असं नाही. २०२२ मध्ये स्पेनने नियम सुधारले. आता चार वर्षांचा परवाना मिळू शकतो, त्यात दरवर्षी जास्तीत जास्त नऊ महिने काम करता येतं आणि अटी पाळल्या तर चार वर्षांनंतर स्पेनमध्ये राहून काम करण्याचा परवाना मागता येतो. मजुराला पुढचं काहीतरी दिसू लागलं, हे चांगलंच झालं. पण पुढच्या वर्षी बोलावणं येणार की नाही हे बऱ्याच अंशी मालकाच्या मर्जीवर असेल, तर कागदावरचा हक्क मागण्याची हिंमत किती जणी करतील?

ब्रिटन: ब्रेक्झिटनंतरची मध्य आशियाई टोळी

ब्रिटनची कथा थोडी वेगळी. तिथल्या शेतात पूर्वी रोमानिया-बल्गेरियाचे मजूर मोकळेपणाने यायचे. ब्रेक्झिटने ती वाट बंद केली. २०१९ मध्ये सरकारने फक्त २,५०० हंगामी व्हिसांचा प्रयोग सुरू केला. २०२० मध्ये तो आकडा १०,००० झाला, २०२१ मध्ये ३०,०००. २०२५ साठी फळं-भाजीपाल्याला ४३,००० आणि कुक्कुटपालनाला २,००० जागा ठेवल्या होत्या. म्हणजे स्थलांतर कमी करण्याचं वचन देऊन जो निर्णय झाला, त्याच निर्णयामुळे मजुरांना आणखी दूरच्या देशांतून आणावं लागलं.

सुरुवातीला बहुसंख्य मजूर युक्रेनचे होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने आक्रमण केलं आणि ती वाट आटली. मग भरती नेपाळ, इंडोनेशिया आणि मध्य आशियाकडे वळली. २०२३ मध्ये या व्हिसांपैकी निम्म्याहून जास्त किर्गिझस्तान, ताजिकिस्तान, कझाकस्तान आणि उझबेकिस्तान या चार देशांना मिळाले. आज इंग्लंडच्या स्ट्रॉबेरीच्या मळ्यात ईदची नमाज होते ती या नव्या मजुरांमुळे.

व्हिसा जास्तीत जास्त सहा महिन्यांचा. कुटुंब आणता येत नाही. योजना चालवणाऱ्या ठरावीक भरती संस्थाच मजुराला प्रायोजित करू शकतात. दुसऱ्या शेतावर जायचं तरी त्यांच्यामार्फतच. कायद्याने काम मिळवून देण्यासाठी मजुराकडून पैसे घ्यायला बंदी आहे. पण ही बंदी ब्रिटनमध्ये लागू होते. जकार्ता किंवा काठमांडूच्या गल्लीतल्या दलालाला ती अडवत नाही. २०२२ मध्ये इंडोनेशियातून आलेल्या काही मजुरांनी पाच हजार पौंडांपर्यंत रक्कम कर्ज काढून दलालांना दिल्याचं उघड झालं. आपल्या रुपयांत ते साधारण साडेपाच लाखांच्या पुढे जातं.

हे कर्ज काय करतं, ते आकड्यांत पाहू. २०२३ पासून या मजुरांना आठवड्याला सरासरी ३२ तासांच्या मजुरीची हमी आहे. एप्रिल २०२५ ते मार्च २०२६ या वर्षात किमान दर ताशी १२.२१ पौंड होता. म्हणजे आठवड्याला सुमारे ३९० पौंड, आणि पूर्ण २६ आठवडे काम मिळालं तर जवळपास १०,१५० पौंड. रुपयांत हा आकडा साडेअकरा लाखांच्या आसपास दिसतो आणि जाहिरात इथेच थांबते.

आता वजाबाकी. राहण्यासाठी मालक किमान वेतनातून त्या वर्षी दिवसाला १०.६६ पौंडांपर्यंत धरू शकत होता. सहा महिन्यांचे झाले सुमारे १,९४०. राष्ट्रीय विम्याचे साधारण ३१०. व्हिसाचे ३१९. विमानभाडं ६०० धरू आणि पोटाला आठवड्याचे ४०, म्हणजे १,०४०. हाती उरतात सुमारे ५,९५० पौंड, म्हणजे पावणेसात लाख रुपयांच्या आसपास. आयकर आम्ही यात धरलेला नाही. दलाल नसेल तर ही रक्कम वाईट नाही. एका शेतमजूर कुटुंबासाठी मोठीच आहे.

पण दलालाला पाच हजार पौंड दिले असतील तर शिल्लक ९५० पौंड, जेमतेम लाखभर रुपये. त्यातही कर्जाचं व्याज मोजलेलं नाही. आणि तोडणीचा वेग कमी आहे म्हणून तीन महिन्यांतच घरी पाठवलं, तर याच हिशेबाने कमाई होते अडीच हजार पौंड. म्हणजे अर्धं कर्ज डोक्यावर घेऊन माणूस गावात परततो. हे गणित मजुराला पहिल्या दिवसापासून माहीत असतं. म्हणून तो आजारपण लपवतो, ओल येणाऱ्या कॅरॅव्हॅनबद्दल बोलत नाही, पर्यवेक्षकाची शिवी गिळतो.

आपल्या वाचकांना ही गोष्ट ओळखीची वाटेल. बीडचा ऊसतोड कामगार कारखान्यावर निघण्याआधी मुकादमाकडून उचल घेतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि उचल फिटेपर्यंत दोघांनी राबायचं. आजारपणाची सुटी म्हणजे खाडा आणि खाडा म्हणजे दंड. या जाचातून सुटण्यासाठी बायकांनी गर्भाशय काढून टाकल्याचं वास्तव २०१९ मध्ये सरकारी समितीसमोर आलं, तेव्हा महाराष्ट्र हादरला होता. फरक इतकाच की ऊसतोडीत मुकादम मजुराला आधी पैसे देतो आणि बांधून घेतो. परदेशी शेतमजुरीत दलाल मजुराकडून आधी पैसे घेतो आणि सावकार त्याला बांधून घेतो. काम सुरू होण्याआधी डोक्यावर कर्ज असेल तर माणूस मोकळा राहत नाही, मग शेत सांगलीत असो की केंटमध्ये.

इटली: बटण दाबायची शर्यत

भारतीयांसाठी सध्या सर्वांत जवळचा प्रश्न इटलीचा आहे. रोमच्या दक्षिणेला लातिना परिसरात पंजाबमधले हजारो शेतमजूर अनेक वर्षांपासून राबतात. जून २०२४ मध्ये तिथे पंजाबच्या एका ३१ वर्षांच्या तरुणाचा हात प्लास्टिक गुंडाळणाऱ्या यंत्रात सापडून तुटला. त्याला दवाखान्यात न नेता घराजवळ सोडून देण्यात आलं. तुटलेला हात फळांच्या पेटीत ठेवलेला होता. दोन दिवसांनी त्याचा मृत्यू झाला. त्याच्याकडे कायदेशीर कंत्राट नव्हतं. लातिनाचे मजूर रस्त्यावर उतरले, इटलीच्या संसदेत पडसाद उमटले, मालकाला अटक झाली.

इटलीत कायदा नाही असं नाही. मजुरांची बेकायदा मुकादमी करणाऱ्यांना आणि त्यांचा फायदा घेणाऱ्या मालकांनाही शिक्षा देणारा कायदा २०१६ पासून आहे. अडचण प्रवेशाच्या दारात आहे. सरकार दरवर्षी किती परदेशी मजूर घ्यायचे याचा कोटा ठरवतं. २०२३ ते २०२५ साठी तो एकूण ४ लाख ५२ हजार होता. २०२६ ते २०२८ साठी तो पाच लाखांच्या जवळ आहे आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त जागा हंगामी कामाच्या आहेत. ठरलेल्या दिवशी मालकांनी ऑनलाइन अर्ज पाठवायचे आणि जो आधी बटण दाबेल त्याचा अर्ज आधी.

या घाईत दलालांचं फावलं. जून २०२४ मध्ये खुद्द पंतप्रधान जॉर्जा मेलोनी यांनी माफियाविरोधी सरकारी वकिलांकडे अहवाल दिला. काही भागांत शेतं थोडी आणि मजुरांचे अर्ज प्रचंड, बोलावलेल्यांपैकी फारच थोड्यांनी प्रत्यक्षात नोकरीचा करार केलेला, आणि एका व्हिसासाठी पंधरा हजार युरोपर्यंत रक्कम घेतली गेल्याची माहिती, असं ते चित्र होतं. सर्वाधिक नाव होतं बांगलादेशच्या मजुरांचं. ऑक्टोबर २०२४ मध्ये इटलीने बांगलादेश, पाकिस्तान आणि श्रीलंकेच्या अर्जदारांना दिलेल्या मंजुऱ्या पडताळणी होईपर्यंत रोखून धरल्या. शिक्षा कोणाला झाली? ज्याने जमीन विकून पैसे भरले तो ढाक्यात पासपोर्टची वाट पाहत बसला.

ही फसवणूक होते कशी, हेही समजून घ्यावं. व्हिसा खरा असतो. शिक्का खरा असतो. विमानतळावर कोणी अडवत नाही. पण ज्याच्या नावावर बोलावणं आलं तो मालक भेटत नाही, फोन उचलत नाही किंवा 'आता काम नाही' म्हणतो. करार झाला नाही तर राहण्याचा परवाना मिळत नाही, आणि कायदेशीर दाराने आत आलेला माणूस काही महिन्यांत बेकायदा होतो. मग जे मिळेल ते काम, मिळेल त्या दराने.

भारताने नोव्हेंबर २०२३ मध्ये इटलीशी स्थलांतराविषयी करार केला. त्यात हंगामी भारतीय मजुरांसाठी २०२३, २०२४ आणि २०२५ साठी अनुक्रमे ३,०००, ४,००० आणि ५,००० जागा राखीव ठेवण्याचं ठरलं. सरकारी पातळीवर दार उघडणं स्वागतार्ह आहे. पण 'सरकारी करार झालाय' हेच वाक्य दलाल आपल्या जाहिरातीत वापरतो. करार दोन देशांत झालेला असतो. तुमच्या हातातल्या कागदावरचा मालक खरा आहे की नाही, हे तो करार सांगत नाही.

इस्रायल: दुसऱ्याच्या रिकाम्या जागेवर

आणखी एका ठिकाणाबद्दल स्पष्ट बोलणं भाग आहे. इस्रायलची शेती अनेक वर्षं थायलंडच्या आणि पॅलेस्टिनी मजुरांवर चालत होती. ७ ऑक्टोबर २०२३ च्या हल्ल्यात थाई शेतमजूर मोठ्या संख्येने मारले गेले, काही ओलीस धरले गेले आणि हजारो मायदेशी परतले. त्यानंतर इस्रायलने पॅलेस्टिनींचे कामाचे परवाने स्थगित केले. रिकाम्या झालेल्या शेतांत आणि बांधकामांवर भारत, श्रीलंका, मलावीसारख्या देशांतून माणसं नेली गेली. मार्च २०२४ मध्ये लेबनॉनच्या सीमेलगत एका बागेत क्षेपणास्त्र पडून केरळचा एक तरुण ठार झाला. तो तिथे शेतीकामालाच गेला होता.

इथे प्रश्न दुहेरी आहे. एका गरीब देशाच्या मजुराला युद्धक्षेत्रात पाठवणं हा एक. आणि वेस्ट बँकेतल्या ज्या बापाची रोजी परवान्यासोबत गेली, त्याच्या जागेवर दुसऱ्या गरजूला उभं करणं हा दुसरा. जाणाऱ्या मजुराला आम्ही दोष देत नाही. घरची चूल पेटवायची असते. पण या भरतीची जाहिरात करणाऱ्या सरकारांनी आणि संस्थांनी या दोन्ही प्रश्नांना उत्तर द्यायला हवं.

चांगलं कुठे चालतं?

ही सगळी पद्धतच वाईट आहे, असा निष्कर्ष कोणी काढू नये. न्यूझीलंडने २००७ मध्ये प्रशांत महासागरातल्या छोट्या बेटांसाठी हंगामी मजुरांची योजना सुरू केली. टोंगा आणि वानुआतू या देशांतल्या कुटुंबांचा अर्थतज्ज्ञांनी काही वर्षं अभ्यास केला, तेव्हा त्यांचं उत्पन्न चांगलंच वाढल्याचं दिसलं. तिथे काय वेगळं होतं? भरतीत गावपातळीवरच्या लोकांचा आणि सरकारचा सहभाग होता, बागायतदार थेट मजूर निवडत होते, विमानभाड्याचा अर्धा भार मालकाने उचलायचा होता, आणि तेच मजूर पुढच्या हंगामात पुन्हा येत होते. तक्रारी तिथेही आल्या. राहण्याच्या जागेबद्दल, कापल्या जाणाऱ्या पैशांबद्दल. पण मजूर निघतानाच कर्जात बुडालेला नव्हता, हा फरक निर्णायक ठरला.

आपल्याकडची फट

आपल्याकडे १९८३ चा उत्प्रवास कायदा आहे. त्यानुसार परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटकडे केंद्र सरकारची नोंदणी हवी. नोंदणीकृत एजंट जास्तीत जास्त तीस हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी घेऊ शकतो. दहावी न झालेल्या माणसाला आखातासह १८ देशांत कामाला जायचं तर उत्प्रवास मंजुरी लागते. त्या निमित्ताने मालक, करार आणि पगार यांची काहीतरी तपासणी होते आणि दहा लाखांचा प्रवासी भारतीय विमा काढावा लागतो.

पण त्या १८ देशांत इटली, ब्रिटन, स्पेन किंवा इस्रायल नाही. म्हणजे सौदीला जाणाऱ्या कमी शिकलेल्या कामगारासाठी जी चाळणी आहे, ती युरोपच्या शेतात जाणाऱ्यासाठी लागतच नाही. शिवाय दहावी पास माणूस मजुरीलाच निघाला तरी त्याला या मंजुरीची गरज नाही. हा नियम ज्या काळात झाला तेव्हा मजूर म्हणजे आखात हे समीकरण होतं. आता वाट बदलली आहे. मंजुरीची अट शिक्षणावर आणि देशांच्या जुन्या यादीवर ठरवण्यापेक्षा कामाच्या स्वरूपावर ठरवावी, असं आमचं मत आहे. ज्या देशांशी सरकार मजुरांचे करार करतं, तिथल्या प्रत्येक मालकाची पडताळणी वकिलातीमार्फत व्हावी आणि ती माहिती निघण्यापूर्वी मजुराला त्याच्या भाषेत मिळावी.

घरात कोणी निघालं असेल तर

पहिला प्रश्न: एजंटचा नोंदणी क्रमांक काय? तो सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर सापडला पाहिजे. 'मुंबईच्या साहेबांचा आहे, मी त्यांचा माणूस' हे उत्तर नव्हे. तालुक्यातला असा उपदलाल कायद्याच्या नजरेत कोणीच नसतो. मुंबईत प्रवासी संरक्षकांचं कार्यालय आहे, तिथे शंका विचारता येते.

दुसरा: मालकाचं नाव, शेताचा पत्ता, ताशी दर, आठवड्याचे किमान तास, राहण्याचे किती कापणार आणि परतीचं तिकीट कोणाचं? हे लेखी हवं, आणि आपल्याला वाचता येईल अशा भाषेत त्याचा अर्थ समजून घ्यायला हवा.

तिसरा: कोणता व्हिसा? पर्यटक व्हिसावर 'नंतर बदलून देऊ' म्हणणाऱ्याला तिथेच नमस्कार करावा. हंगामी व्हिसा कायमच्या वास्तव्यात आपोआप बदलत नाही.

चौथा: वर केला तसा वजाबाकीचा हिशेब घरातल्या बायकांसमोर मांडला का? दागिने त्यांचे गहाण पडतात आणि हप्ते त्यांनाच भागवावे लागतात. तीन महिन्यांत काम सुटलं तर काय, हा आकडाही त्यात धरावा. पासपोर्टची आणि कराराची प्रत घरी ठेवावी. तो कोणाच्याही ताब्यात देऊ नये. अडचण आली तर परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर घरच्यांनाही तक्रार नोंदवता येते.

आणि एक काम समाजाचं. आपल्याकडे मशिदीच्या कमिट्या आहेत, जमाती आहेत, बैतुलमाल आहेत. हजला जाणाऱ्यांसाठी आपण प्रशिक्षणाचे वर्ग घेतो. अर्ज, सामान, लस, सगळं समजावतो. परदेशी मजुरीला निघालेल्या मुलासाठी तसं काहीच नाही. आठवड्यातून एक दिवस दोन शिकलेल्या तरुणांनी बसून करार वाचून दाखवला, एजंटचा क्रमांक तपासला, तरी कित्येकांचे पैसे वाचतील. आणि सगळं खरं निघालं, फक्त तिकिटापुरते पैसे कमी पडत असतील, तर बैतुलमालने बिनव्याजी कर्ज द्यावं. सावकाराच्या कर्जावर गेलेल्या मजुराला शेतात काही चुकीचं दिसलं तर 'नाही' म्हणता येत नाही. कर्ज नसेल तर त्याला परत यायचा रस्ता मोकळा राहतो.